‘कोणी केले?’ की ‘का झाले?’

गाय, कोंबडी आणि गवत. या तिघांपैकी कोणत्या दोघांची जोडी तुम्ही लावाल? फार विचार करू नका. मनात जे उत्तर पहिल्यांदा आले, तेच धरून ठेवा. जमल्यास घरातल्या लहानथोरांनाही विचारून पाहा.

‘गाय आणि गवत’ हे उत्तर आले असेल, तर तुम्ही नाते पाहिलेत. गाय गवत खाते, गवतावाचून तिचे चालत नाही, म्हणून ती जोडी. ‘गाय आणि कोंबडी’ हे उत्तर आले असेल, तर तुम्ही प्रकार पाहिलात. दोन्ही प्राणी, गवत तेवढे वेगळे. चूक यातले एकही उत्तर नाही. पण १९७२ साली च्यू नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अशा धर्तीचे प्रश्न चिनी आणि अमेरिकी शाळकरी मुलांना विचारले, तेव्हा एक गंमत दिसली. चिनी मुलांचा ओढा नात्याकडे होता, अमेरिकी मुलांचा प्रकाराकडे.

पुढे २००१ मध्ये ताकाहिको मासुदा आणि रिचर्ड निस्बेट यांनी जपानमधील क्योतो आणि अमेरिकेतील मिशिगन येथील विद्यार्थ्यांना पाण्याखालच्या दृश्यांची छोटी चलच्चित्रे दाखवली. एखाददुसरा मोठा, उठून दिसणारा मासा, मागे लहान जीव, पाणवनस्पती, खडक, बुडबुडे. मग विचारले, ‘काय पाहिलेत?’ अमेरिकी विद्यार्थी बहुधा मोठ्या माशापासून सुरुवात करीत. जपानी विद्यार्थी आधी ते तळ्यासारखे दिसत होते, पाण्याचा रंग कसा होता, हे सांगत आणि मग माशाकडे वळत. मोठ्या माशाबद्दल दोघेही जवळजवळ सारखेच बोलले. पण मागच्या गोष्टींचे उल्लेख जपानी विद्यार्थ्यांनी सुमारे साठ टक्के जास्त केले.

एकाची नजर माशावर, दुसऱ्याची पाण्यावर. प्रयोगशाळेत ही नुसती गंमत वाटते. पण हीच नजर कारखान्यात शिरते, तेव्हा तिच्यावर हजारो माणसांची पोटे अवलंबून राहतात. काम बिघडले की एक साहेब विचारतो, ‘हे कोणी केले?’ दुसरा विचारतो, ‘हे का झाले?’ पहिला मासा शोधतो, दुसरा पाणी तपासतो. या दोन प्रश्नांमधले अंतर किती मोठे असू शकते, हे दाखवणारी एक खरीखुरी गोष्ट अमेरिकेत घडली.

बदनाम कारखाना

कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट या गावी जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. त्याची कीर्ती अशी की कंपनीतच त्याचे नाव काढले तर लोक कपाळाला हात लावत. कोणत्याही दिवशी शंभरातले वीसेक कामगार गैरहजर. सोमवारी तर कधी कधी काम सुरू करण्यापुरतीही माणसे जमत नसत. कामावर दारू चाले. व्यवस्थापनाविरुद्धच्या तक्रारींचा ढीग हजारांच्या घरात गेलेला. काही कामगार मोटारीच्या दारात मुद्दाम रिकामी बाटली टाकून दार बंद करीत, म्हणजे विकत घेणाऱ्याला जन्मभर खडखडाट ऐकू यावा. ही हकिगत पुढे कामगारांनीच सांगितली आहे. अखेर १९८२ मध्ये कंपनीने कारखान्याला टाळे ठोकले. हजारो माणसे घरी बसली.

त्याच सुमारास जपानच्या टोयोटा कंपनीपुढे वेगळीच अडचण होती. जपानी मोटारींच्या आयातीवर १९८१ पासून मर्यादा आली होती. अमेरिकेत विकायचे तर अमेरिकेतच बनवायला शिकावे लागणार होते. जनरल मोटर्सला लहान, चांगली आणि स्वस्त मोटार कशी बनवायची, ते शिकायचे होते. दोघांनी १९८३ मध्ये करार केला आणि १९८४ मध्ये तोच कारखाना भागीदारीत पुन्हा सुरू झाला. त्याचे लांबलचक नाव आखडून लोक त्याला ‘नम्मी’ म्हणू लागले. कारभार टोयोटाच्या हाती होता.

आता कामगार कुठून आणायचे? शहाण्या माणसाने सांगितले असते, ‘काय वाटेल ते करा, पण त्या जुन्या लोकांना दारात उभे करू नका.’ पण नव्या कारखान्याने घेतलेल्या कामगारांपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के तेच जुने होते. युनियनही तीच, तिचे पुढारीही बरेचसे तेच. त्यांपैकी साडेचारशेच्या आसपास जणांना तुकड्यातुकड्यांनी जपानमध्ये टोयोटाच्या ताकाओका येथील कारखान्यात शिकायला पाठवले गेले.

दोन वर्षे झाली. १९८६ संपता संपता फ्रेमाँटचा हा कारखाना उत्पादकतेत जनरल मोटर्सच्या इतर सर्व कारखान्यांच्या पुढे गेला होता. आपल्याच जुन्या अवताराच्या दुपटीहून अधिक काम तेथे होऊ लागले. मोटारींचा दर्जा ताकाओकाच्या मोटारींच्या तोडीला आला. गैरहजेरी दोन-चार टक्क्यांवर उतरली. माणसे तीच, गाव तेच, छप्परही तेच. मग बदलले काय?

एका दोरीची गोष्ट

मोटारीच्या कारखान्यात अर्धवट बनलेल्या गाड्या सरकत्या पट्ट्यावरून एकामागून एक पुढे जात असतात. प्रत्येक कामगाराला आपले काम मिनिटाभरात उरकायचे असते. जुन्या फ्रेमाँटमध्ये एकच नियम होता: काहीही होवो, पट्टा थांबता कामा नये. पट्टा थांबला म्हणजे पैसा बुडाला. त्यामुळे एखादा बोल्ट वाकडा बसला, एखादा भाग चुकीचा लागला, तरी गाडी पुढे सरकत राही. ती बिघडलेली गाडी शेवटी बाहेरच्या आवारात जाऊन पडे आणि तेथे दुसरे कामगार ती उसवून पुन्हा जोडत. आपण चुकीचे काम पुढे ढकलतो आहोत, हे कामगाराला दिसत असे. बोलायची सोय नव्हती. रोज आठ तास डोळ्यांदेखत वाईट काम करायचे आणि गप्प बसायचे, या शिक्षेने माणूस दारूकडे वळला तर नवल ते काय?

ताकाओकाला गेलेल्या अमेरिकी कामगारांनी तेथे डोक्यावरून गेलेली एक दोरी पाहिली. काही अडले, चुकले, मागे पडले की कामगाराने दोरी ओढायची. एक धून वाजते, दिवा लागतो आणि गटाचा प्रमुख धावत येतो. तो ओरडत नाही. ‘काय अडले?’ एवढेच विचारतो आणि हात लावतो. गाडी ठरावीक खुणेपर्यंत पोहोचण्याआधी अडचण सुटली तर पट्टा चालूच राहतो. नाही सुटली तर थांबतो. कारखान्यातल्या सर्वांत साध्या कामगाराच्या हातात सारा कारखाना थांबवण्याचा अधिकार! वर दोरी ओढल्याबद्दल त्याचे आभारच मानले जातात, कारण त्याने दोष लपवला नाही, दाखवला.

हीच दोरी फ्रेमाँटला आली. तिच्याबरोबर आणखी काही गोष्टी आल्या. साहेबांची वेगळी खाण्याची जागा आणि गाड्या लावण्याची राखीव जागा गेली. कामाचे ऐंशीच्या आसपास वेगवेगळे वर्ग होते. ते मोडून मोजकेच उरले, म्हणजे ‘हे माझे काम नाही’ म्हणायला वाव राहिला नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे एक वचन. कंपनीचे अस्तित्वच धोक्यात आल्याखेरीज कोणालाही कामावरून काढणार नाही आणि तशी वेळ आलीच तर आधी साहेबांच्या पगाराला कात्री लागेल, असे करारातच लिहिले गेले. १९८८ च्या सुमारास त्या कारखान्याच्या मोटारीला गिऱ्हाईक कमी झाले, काम बरेच घटले. वचनाची परीक्षा झाली. एकालाही घरी पाठवले नाही. रिकाम्या कामगारांना प्रशिक्षण दिले, सुधारणेची कामे दिली. दोरीवर विश्वास बसला तो त्या दिवशी, असे म्हटले तरी चालेल. कारण नोकरी जाण्याचे भय असेल तर दोरी कितीही लांबलचक टांगा, ओढणार कोण?

सगळेच गोड होते असे नाही. कामाचा वेग पूर्वीपेक्षा वाढला. मिनिटातला उसंतीचा क्षणही हिशेबात आला. काहींना हा ताण सोसेना, आणि युनियनमधला एक गट व्यवस्थापनाशी एवढी जवळीक नको म्हणून अखेरपर्यंत कुरकुरत राहिला. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होते. पण जुने दिवस परत आणा, असे म्हणणारे फारसे कोणी नव्हते.

मग हे ‘पौर्वात्य’ का?

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘पाहा, शेवटी पूर्वेचेच शहाणपण खरे! आपली समष्टीची दृष्टी, त्यांचा व्यक्तिवाद.’ जरा थांबा. ही दृष्टी जपानमध्ये आली कुठून, ते पाहू.

एक धागा जपानचाच आहे आणि तो अक्षरशः धागा आहे. टोयोटा घराण्याचा मूळ धंदा मोटारींचा नव्हे, मागांचा. साकिची टोयोडा या कल्पक माणसाने १९२४ मध्ये असा स्वयंचलित माग पुरा केला की सूत तुटले की तो आपोआप थांबे. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा माग थांबलेला बरा, हा त्यामागचा विचार. कारखान्यातली दोरी ही त्या मागाचीच नात.

पण दुसरा धागा अमेरिकेतून आला. १९५० च्या उन्हाळ्यात एडवर्ड्स डेमिंग नावाचा अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जपानी अभियंत्यांच्या आणि उद्योजकांच्या आमंत्रणावरून व्याख्याने द्यायला गेला. युद्धात जपानची राखरांगोळी झालेली, जपानी माल म्हणजे जगात तकलादू मालाचा नमुना. डेमिंग त्यांना सांगे की कामातील बहुतेक दोष कामगाराचे नसतात, ते कामाच्या व्यवस्थेत असतात. आणि व्यवस्था बदलणे हे वरच्यांचे काम आहे, खालच्यांचे नव्हे. कामाच्या जागेवरून भय हद्दपार करा, असे तो पुढे बजावत राहिला. आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकाचे मानधन त्याने घेतले नाही. त्या पैशांतून त्याच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले आणि १९५१ पासून ते दिले जाऊ लागले. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या देशात त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. १९८० मध्ये ‘जपानला जमते, मग आपल्याला का नाही?’ अशा आशयाचा एक कार्यक्रम अमेरिकी दूरदर्शनवर झाला, तेव्हा कुठे अमेरिकेला आपल्या घरचा हा वैद्य दिसला. तेव्हा त्याचे वय होते एकोणऐंशी!

टोयोटाची पद्धत घडवणारे ताइची ओनो यांनीही अमेरिकेचे ऋण मोकळेपणी मान्य केले आहे. लागेल तेवढेच, लागेल तेव्हाच आणायचे, ही त्यांची प्रसिद्ध कल्पना अमेरिकी सुपरमार्केटशी जोडलेली आहे. तेथे गिऱ्हाईक फळीवरून हवे तेवढे उचलते आणि रिकामी झालेली जागा तेवढीच भरली जाते.

म्हणजे जिला आपण ‘पौर्वात्य’ म्हणतो ती पद्धत अमेरिकी बियाणे जपानी मातीत रुजून आलेले पीक आहे. आणि ते पीक पुन्हा अमेरिकेच्या मातीत, अमेरिकेतल्या सर्वांत बदनाम कामगारांच्या हातून तरारून आले. विचार करण्याची तऱ्हा रक्तात असती, तर यातले काहीच घडले नसते.

‘पूर्व’ तरी एक कुठे आहे? थॉमस टॅलहेल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चीनमधल्याच हजारावर विद्यार्थ्यांना गाय-गवताच्या धर्तीचे प्रश्न विचारले. दक्षिणेच्या भात पिकवणाऱ्या प्रांतांतले विद्यार्थी नात्याकडे अधिक झुकले, उत्तरेच्या गव्हाच्या प्रांतांतले कमी. संशोधकांचा तर्क असा की भाताला पाणी लागते, पाट एकमेकांच्या शेतांतून जातात, लावणीला सगळ्यांचे हात लागतात. शेजाऱ्याशी वैर धरून भात पिकत नाही. हा तर्क सर्वांनीच मान्य केला आहे असे नाही. पण लावणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतात सावडीने राबणाऱ्या आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याला तो नवीन वाटणार नाही. माणूस जसा राबतो, तसा विचार करू लागतो.

पाण्याआड दडलेला मासा

पाण्याकडे पाहण्याच्या सवयीला एक धोकाही आहे. सारेच ‘व्यवस्थेवर’ ढकलले की दोषी माणूस पाण्याआड लपू शकतो. जपानच्या ऑलिंपस या कॅमेरे आणि वैद्यकीय दुर्बिणी बनवणाऱ्या कंपनीत नेमके हेच झाले. मायकेल वुडफर्ड हा ब्रिटिश अधिकारी तेथे तीस वर्षे नोकरी करून २०११ मध्ये अध्यक्ष झाला. त्या पदावर बसलेला तो पहिला परदेशी. काही कंपन्या अवाच्या सवा किमतीला विकत घेतल्याचे व्यवहार त्याला दिसले आणि त्याने विचारले, ‘हे कोणी केले?’ त्या ऑक्टोबरात संचालक मंडळाने त्याला काढून टाकले. कारण दिले ते असे की त्याची कारभाराची पद्धत बाकीच्यांशी जुळत नाही. थोड्याच दिवसांत सत्य बाहेर आले. गुंतवणुकीत झालेला प्रचंड तोटा वर्षानुवर्षे हिशेबात लपवला गेला होता. सलोखा राखण्याच्या नावाखाली कोणी प्रश्न विचारत नव्हते. माजी अध्यक्षांनी पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला.

म्हणून ‘कोणी?’ हा प्रश्न वाईट आणि ‘का?’ हा चांगला, असे सरसकट म्हणता येत नाही. जाणूनबुजून केलेल्या लबाडीला ‘कोणी?’ हाच प्रश्न हवा. नकळत झालेल्या चुकीला ‘का?’ हवा. आपण नेमके उलटे करतो. चुकणाऱ्या गरिबाला ‘कोणी?’ विचारतो आणि लुबाडणाऱ्या मोठ्याला ‘परिस्थितीच तशी होती’ म्हणून सोडून देतो.

आपण कुठे बसतो?

गेर्ट होफस्टेड या डच अभ्यासकाने आय.बी.एम. या कंपनीच्या अनेक देशांतील नोकरांची एक लाखावर प्रश्नपत्रके तपासली. ती १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेली होती. साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्यातले अंतर लोक किती सहज मान्य करतात, याचा त्यांनी एक निर्देशांक काढला. अमेरिकेचा आकडा ४०, जपानचा ५४ आणि भारताचा ७७. म्हणजे या बाबतीत जपान आपल्यापेक्षा अमेरिकेला अधिक जवळ! हे आकडे जुने आहेत आणि एका कंपनीतल्या माणसांवरून काढलेले आहेत. तरी ‘साहेबांना विचारून सांगतो’ हे वाक्य ज्याने सरकारी कचेरीत किंवा बँकेत शंभरदा ऐकले आहे, त्याला त्यांचे आश्चर्य वाटू नये. आपल्याकडे नाते पाहण्याची सवय आहे खरी. पण ते नाते बहुधा वर-खालचे असते.

म्हणूनच मारुतीच्या कारखान्याचे आपल्याकडे एवढे कौतुक झाले. सुझुकीबरोबरचा करार १९८२ चा. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मोटार गिऱ्हाइकाच्या हाती पडली. गुडगावच्या त्या कारखान्यात मोठ्या साहेबापासून कामगारापर्यंत सर्वांचा गणवेश एक, कँटीन एक, जेवणाची रांग एक. बंद दारांच्या खोल्यांऐवजी मोकळ्या दालनात टेबले. ताटकळत उभा राहणारा शिपाई आणि दारावरची घंटी यांना सरावलेल्या आपल्या देशात साहेबाने हातात ताट धरून कामगाराच्या मागे उभे राहणे, ही लहान गोष्ट नव्हती.

पण त्याच कंपनीच्या मानेसर येथील दुसऱ्या कारखान्यात काय झाले, तेही विसरता येत नाही. २०११ पासून तेथे खदखद होती. कामगारांना आपली स्वतंत्र युनियन हवी होती. कायम आणि कंत्राटी कामगारांच्या पगारात मोठी तफावत होती. काम इतके घट्ट बांधलेले की चहाला आणि नैसर्गिक विधीला मोजकी मिनिटे मिळतात, ही त्यांची तक्रार होती. १८ जुलै २०१२ रोजी दंगल आणि जाळपोळ झाली. मनुष्यबळ विभागाचे एक महाव्यवस्थापक त्यात मृत्युमुखी पडले, सुमारे शंभर जण जखमी झाले, शेकडो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. २०१७ मध्ये न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले आणि ११७ जणांना निर्दोष सोडले. दोषी ठरलेल्यांपैकी तेरा जणांना जन्मठेप झाली. खुनाला समर्थन नसते. पण गणवेश एक असला आणि दोरी ओढण्याची सोय नसली तर साचलेला राग कुठे जातो, हे मानेसरने दाखवले. पद्धतीचे कपडे घेता येतात. विश्वास मात्र रोज कमवावा लागतो.

जनरल मोटर्सलाही हा धडा महागात पडला. त्यांनी कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइज येथील कारखान्यात ही पद्धत नेऊन पाहिली. पण साहेबांना अधिकार सोडवेना आणि कामगारांना साहेबांचा भरवसा वाटेना. तो कारखाना १९९२ मध्ये बंद पडला. २००९ मध्ये खुद्द जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली, भागीदारी सोडली, आणि २०१० मध्ये टोयोटाने फ्रेमाँटचा कारखानाही बंद केला. ज्यांनी दोरीवर विश्वास ठेवला होता त्यांच्या नोकऱ्या शेवटी हिशेबाच्या वहीत गेल्या. आज त्या जागी टेस्लाच्या विजेवरच्या मोटारी बनतात.

उलट उदाहरणेही आहेत, आणि ती आपल्याच देशातली आहेत. डेमिंगच्या नावाचे ते जपानी पारितोषिक १९९८ मध्ये चेन्नईच्या सुंदरम क्लेटनच्या ब्रेक विभागाने मिळवले. भारतात ते पहिले. २००३ मध्ये महिंद्र आणि महिंद्रच्या ट्रॅक्टर बनवणाऱ्या विभागाने मिळवले. हे पारितोषिक नशिबाने मिळत नाही. कारखान्यातला प्रत्येक दोष उकरून त्याचे मूळ शोधण्याची वर्षानुवर्षांची शिस्त त्यामागे असते.

पाच वेळा ‘का?’

मूळ शोधायचे कसे, याची एक सोपी रीत ओनो यांनी सांगितली आहे: एकदा ‘का?’ विचारून थांबू नका, पाच वेळा विचारा. यंत्र बंद पडले. का? भार जास्त होऊन फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पुरले नाही. का? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? जाळी नसल्याने आत धातूचा कीस गेला. पहिल्या ‘का?’वर थांबणारा नवा फ्यूज बसवून मोकळा होतो आणि महिन्याभराने यंत्र पुन्हा बंद पडते. पाचव्या ‘का?’पर्यंत जाणारा जाळी बसवतो.

वाचकहो, हे सारे कारखान्यांचे झाले. आता घरात या. सकाळी सात वाजता दूध उतू गेले. स्वयंपाकघरातून पहिला आवाज कोणता येतो? ‘कोणाचे लक्ष होते?’ आणि उत्तर ठरलेले असते. जिच्या हाती गॅस, तिचाच दोष. आता ओनोंच्या रीतीने विचारून पाहा. दूध का उतू गेले? गॅसजवळ कोणी नव्हते. का नव्हते? सूनबाई दार उघडायला गेल्या होत्या. त्याच का गेल्या? बाकीचे पेपर वाचत होते, दाढी करत होते. सगळे सातलाच का येऊन पडते? मुलांची शाळेची रिक्षा, डबे, पाणी भरणे आणि दूध, सारे एकाच अर्ध्या तासात कोंबलेले आहे. का? कारण ते तसे का आहे, हे घरात आजवर कोणी बसून विचारलेलेच नाही.

पाचव्या उत्तरापाशी आले की लक्षात येते की येथे वेंधळेपणाचा संबंध नाही. एका माणसाच्या दोन हातांवर चार माणसांचे काम आले आहे. उपाय रागावण्यात नाही. दार कोणी उघडायचे आणि डबे आदल्या रात्री कोणी भरायचे, हे ठरवण्यात आहे. परीक्षेत गणितात नापास झालेल्या मुलाला, हिशेबात घोळ घालणाऱ्या दुकानातल्या पोऱ्याला, भाजीत दोनदा मीठ टाकणाऱ्या आजीलाही हाच न्याय लावून पाहा. मुलाला फळ्यावरचे अक्षर दिसत नसेल. पोऱ्याला कोणी हिशेब शिकवलाच नसेल. आजीने आधी मीठ टाकले होते, हे तिला आठवत नसेल आणि ते सांगायची तिला भीती वाटत असेल.

आणि घरातही एक दोरी हवी. ‘मला जमत नाही’, ‘माझे चुकले’, ‘हे मला झेपेनासे झाले आहे’ असे सर्वांत धाकट्याने किंवा सर्वांत दमलेल्याने म्हटले, तर घर क्षणभर थांबले पाहिजे आणि पहिला शब्द ओरडण्याचा नसावा. ज्या घरात चूक सांगितल्यावर मार बसतो, त्या घरात चुका होतातच. फक्त त्या दाराच्या पोकळीत टाकलेल्या बाटलीसारख्या लपून राहतात आणि पुढे कित्येक वर्षे खडखडत राहतात.